होळी टेकली नाही

गेल्या वर्षभरात घरी भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला एकच वाक्य ऐकवलं आहे. "देवानं वाचवलं." चहा पिताना म्हणतात, निघताना चपला घालताना पुन्हा म्हणतात. मी आता लिहूनच टाकतो, म्हणजे दर वेळी तोंड उघडायला नको. मला रत्नागिरीच्या रक्तपेढीतल्या सव्वीस पिशव्यांनी वाचवलं. त्या कुणी दिल्या ते मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. मला मारायला मात्र सगळी ओळखीची माणसं निघाली होती, आणि त्यांत सगळ्यात पुढे मी होतो.

मी दत्ताराम. लांज्यापासून आत अर्ध्या तासावर गाव, नोकरी वीज खात्यात लाइनमनची. तेवीस वर्षं खांबावर चढतोय. लाइन बंद असल्याची खात्री केल्याशिवाय हात लावायचा नाही, पट्टा बांधल्याशिवाय चढायचं नाही, यावरून मी नव्या पोरांना शिव्या घातल्या आहेत. एवढा शहाणा माणूस गावच्या शिमग्यात कंबर मोडून दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिला. का बसला, ते आधी सांगतो.

पहिला खांदा

आमच्याकडे होळीसाठी जे झाड तोडतात त्यालाच होळी म्हणतात. शेवरीचा सरळ सोट, साठ-सत्तर माणसांनी खांद्यावर घ्यायचा आणि फाका घालत, म्हणजे शिमग्याच्या आरोळ्या ठोकत, नाचवत देवळापुढच्या सहाणेवर, म्हणजे होळीच्या चौथऱ्यावर, आणायचा. तिथे तो उभा करायचा. नियम एकच: तोडल्यापासून उभी करेपर्यंत होळी जमिनीला टेकता कामा नये. टेकली तर गावावर संकट. कसलं संकट, ते कुणी सांगत नाही.

बुंध्याकडचा पहिला खांदा हा आमच्या घराचा मान. तो खरं तर विलासच्या घराचा, असं विलासचं म्हणणं. विलास माझा चुलतभाऊ. आमचे आजोबा सख्खे भाऊ होते, आणि त्यातला थोरला मानकरी की होळीला जागा देणारा मानकरी, यावर तीन पिढ्या भांडण आहे. मान सोडून मानकरी होळी उभी राहायच्या आधी निघून गेला, तर खांदा दुसऱ्या घराला जातो. म्हणून विलास दर वर्षी बाजूला उभा राहून वाट बघायचा. त्या वर्षी तर असा रुसला होता की सगळा गाव प्यायला आणि तो कोरडा राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

व्हाळाकडून, म्हणजे ओढ्याकडून, वर यायला चिऱ्याच्या पायऱ्या आहेत. त्यांच्यावर कुणीतरी पाणी सांडलं होतं. माझा पाय सरकला. मागच्यांना ते दिसलं नाही, ते नाचतच पुढे आले. बुंधा आडवा फिरला आणि बाजूचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि तो बुंधा यांच्यामध्ये माझी कंबर सापडली. आतून कडकन आवाज आलेला मला ऐकू आला. होळी खाली येत होती ती माझ्या कमरेवर अडकून राहिली.

आणि लोक ओरडले, "टेकली नाय! होळी टेकली नाय!"

आनंदाने ओरडले. ढोल वाजला. मी हे विसरावं असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या गडग्याला पाठ लावून एकदा तो ढोल ऐकावा.

कुणीतरी म्हणालं, "दत्ताला लागलाय, ठेवा रे खाली." त्यावर गावकर, म्हणजे आमच्या गावचे मुख्य मानकरी, म्हणाले, "खाली ठेवायची नाय. उचला, त्याला काढा आणि फुडं चला." दहाबारा जणांनी बुंधा रेटून धरला, दोघांनी मला बगलेत धरून ओढून काढलं आणि तसंच उभं करून, चालवत सहाणेपर्यंत नेलं. मोडलेल्या कमरेच्या माणसाला चालवायचं नसतं. हे मला आता माहीत आहे.

दोन तास

रक्ताचा एक थेंब बाहेर आला नव्हता. पँट थोडी फाटली होती, बस्स. सगळे म्हणाले, मुका मार आहे. कुणीतरी तेल गरम करून आणलं आणि चोळलं. कुणीतरी लिंबाचं सरबत पाजलं. ही सगळी चांगली माणसं आहेत, आणि म्हणूनच जास्त राग येतो. वाईट माणसाचा राग करायला सोपं असतं.

शुभांगी, माझी बायको, बायकांच्या घोळक्यातून माझ्याकडे तीनदा आली. पहिल्यांदा म्हणाली, "तुमचा तोंड पांढरा पडलाय, चला दवाखान्यात." मी म्हटलं, होळी उभी राहू दे. दुसऱ्यांदा तिने माझा हात हातात घेतला. "हात गार पडलाय हो." मी तिला गप्प केलं. समोर विलास उभा होता. मी खुर्चीतून उठलो की तो खांदा लावणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पोटात आत काहीतरी भरत चाललंय असं वाटत होतं, तहान लागत होती, कानात गुणगुण चालू होती. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा मला तिचं तोंड दिसलं, शब्द ऐकू आले नाहीत.

होळी उभी राहिली तेव्हा मी खुर्चीवरून खाली पडलो होतो, असं नंतर सांगतात. म्हणजे ज्यासाठी बसलो ते मी बघितलंसुद्धा नाही.

"रक्त थांबत नाही"

लांज्याला दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी काय केलं ते शुभांगीने मला इतक्या वेळा सांगितलंय की मला पाठ आहे. त्यांनी आधी पलंगावरची चादर ओढली, दुमडून माझ्या कमरेभोवती घट्ट आवळून बांधली. मग विचारलं, "कधी लागलं?" कुणीतरी म्हणालं, "मगाशी." शुभांगी ओरडली, "दोन तास झाले!" डॉक्टर बाईंनी मान वर करून सगळ्यांकडे एकदा बघितलं. एवढी मोठी शिवी गावाला आजवर कुणी दिली नसेल. त्यांनी रुग्णवाहिका बोलावली, रत्नागिरीला फोन करून रक्ताची तयारी करायला सांगितलं, आणि मला तिथून हलवलं.

रत्नागिरीच्या हॉस्पिटलात कमरेला बाहेरून सळ्या लावून हाड धरून ठेवलं. रक्ताच्या पिशव्या चढत होत्या आणि तरीही रक्तदाब वर येत नव्हता. मग सुईच्या जागेतून रक्त यायला लागलं. हिरड्यांतून आलं. लघवीच्या पिशवीत लाल दिसायला लागलं. दोन तास जे आत लपून वाहत होतं ते आता चारी बाजूंनी बाहेर यायला लागलं. डॉक्टरांनी शुभांगीला बाहेर बोलावून सांगितलं, "आपण रक्त देतोय, पण ते गोठत नाहीये. गोठवायला शरीरात जे लागतं ते सगळं वाहून गेलंय आणि संपलंय. आता नुसतं रक्त देऊन भागणार नाही, प्लाझ्मा आणि प्लेटलेटही द्याव्या लागतील. लवकर आणलं असतं तर..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

मला हे वाक्य पुरं करायचंय. लवकर आणलं असतं तर ही वेळ आली नसती. ज्याला जोराचा मार लागला, आणि जो पांढरा पडतोय, गार पडतोय, पाणी मागतोय, त्याचं रक्त आत वाहत असतं. बाहेर दिसत नाही म्हणून चोळत बसू नका. पाजू नका, चालवू नका, आडवा ठेवा आणि पळा. लाइनमध्ये फॉल्ट असला की तारेकडे बघून कळत नाही, हे मी लोकांना आयुष्यभर सांगत आलो आणि स्वतःच्या अंगाला ते लागू केलं नाही.

रक्तपेढीने साठ्यातल्या पिशव्या आधी दिल्या आणि सांगितलं, बदल्यात रक्तदाते पाठवा, साठा रिकामा होतोय. शिमगा होता म्हणून मुंबईहून आलेले पन्नासभर धट्टेकट्टे पुरुष गावात होते. एरवी वाडीत म्हातारी माणसं आणि बायकाच असतात. दोन गाड्या भरून आले. आणि प्यायलेत म्हणून दारातच बहुतेकांना परत पाठवलं. फाका घालायला शंभर माणसं होती, रक्त द्यायला चार निघाली. बायका पुढे झाल्या, शुभांगीही झाली, तर त्यांच्याच अंगात रक्त कमी. नऊ बायकांतून एक चालली. या एका वाक्यावर मी वेगळं काही लिहू शकेन, पण ते पुन्हा कधीतरी.

त्या चारांत एक विलास होता. रुसून कोरडा राहिलेला विलास. रक्त देऊन बाहेर आला, शुभांगीच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, रगात दिलंय. मान नाय दिलेला." तिने मला हे सांगितलं तेव्हा सळ्या लावलेल्या कमरेने मी हसलो आणि कळ डोक्यात गेली.

आता गावात म्हणतात, विलासचं रक्त दत्ताच्या अंगात आहे, भांडण मिटलं. माझा रक्तगट वेगळा, त्याचा वेगळा. त्याचं रक्त दुसऱ्या कुणाला तरी गेलं. माझ्या अंगात कुणाचं आहे ते मला माहीत नाही. पण गोष्ट गोड करून सांगायची सवय लागली की असंच होतं.

अर्धं टोपण

पुढचे आठ दिवस मला आठवत नाहीत. घशात नळी होती आणि श्वास मशीन घेत होतं. जाग आली तेव्हा डोळे पिवळे झाले होते, हातपाय सुजून ढोल झाले होते आणि मूत्रपिंडं बंद पडली होती. इतका वेळ रक्त न पोचल्यामुळे एकेक अवयव काम सोडत गेला होता. फुप्फुसं आणि यकृत परत आली. मूत्रपिंडं येईनात. मानेत नळी घालून एक दिवसाआड डायलिसिस चालू झालं.

भीतीबद्दल लोक विचारतात. मरणाची भीती मला वाटली नाही, तेवढं भानच नव्हतं. भीती वाटली ती एकदा डायलिसिसच्या मशीनकडे बघताना. शेजारच्या पलंगावरचे एक गृहस्थ सहज म्हणाले, "मला सहा वर्षं झाली. सवय होते." मी भिंतीकडे तोंड केलं आणि रडलो. खांबावर चढणारा माणूस आयुष्यभर आठवड्यातून तीनदा या नळीला बांधलेला, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना.

आणि तहान. लघवी होत नसेल तर पाणी मोजून देतात. मंडणगडकडच्या एक सिस्टर होत्या. त्या बाटलीच्या टोपणाने पाणी द्यायच्या. "काका, अर्धं टोपण. घोळवा तोंडात, लगेच गिळू नका." मी त्यांच्यावर ओरडायचो, एकदा टोपण भिरकावून दिलं. त्या खाली वाकून टोपण उचलून, धुऊन परत आल्या. "आता पाव टोपण," म्हणाल्या. त्यानंतर मी कधी फेकलं नाही.

मग वॉर्डात हलवल्यावर शहाळी सुरू झाली. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जात नाहीत, शहाळं नेतात. माझ्या पलंगाखाली शहाळ्यांची रास लागली. डॉक्टरांनी बजावलं होतं, मूत्रपिंड बंद असताना नारळपाणी म्हणजे विष, त्यातलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं. हे मी प्रत्येकाला सांगायचो आणि प्रत्येक जण म्हणायचा, "अरे शहाळ्यानं काय होतंय!" एका दुपारी शुभांगी औषधं आणायला खाली गेली आणि माझ्या आईने मला पेलाभर पाजलं. मीही प्यालो. तहानलेल्या माणसाच्या तोंडाशी पेला धरल्यावर तो काय करणार. संध्याकाळी छातीत धडधडायला लागलं, तपासणीत आकडा वर गेलेला, आणि मला पळवत डायलिसिसला नेलं.

आई दाराशी उभी होती. "शहाळ्यानं कधी कुणाचा वाईट झालाय काय?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिच्यावर ओरडता आलं नाही. मी आतल्या आत पेटत होतो.

शुभांगी मात्र ओरडली, माझ्यावर. इतके दिवस सह्या करत, डॉक्टरांचं ऐकत, मानसीला, म्हणजे आमच्या मुलीला, बारावीच्या पेपरांना लांज्याला पाठवत ती गप्प राहिली होती. त्या दिवशी म्हणाली, "तीन वेळा आले मी तुमच्याकडं. तीन वेळा. तुमी विलासभावोजींकडं बघत बसलात. पोरगी रसायनशास्त्राचा पेपर देऊन आली आणि पहिला काय विचारलीन? बाबा हायत ना, म्हणून. तुमचा मान उभा राहिला हो. आमी काय करायचा होता?" पूर्ण वॉर्ड ऐकत होता. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला तिचं काही चुकलंय असं वाटत नाही.

चोविसाव्या दिवशी लघवीच्या पिशवीत सिस्टरांना पन्नास मिली दिसली. त्यांनी शुभांगीला हाक मारून दाखवली. दुसऱ्या दिवशी दीडशे. त्या दोघी त्या पिशवीकडे असं बघत होत्या की जणू देव्हाऱ्यात काही उजळलंय. शुभांगी माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "आता तरी ऐका माझा." मी हो म्हटलं.

घरी आलो तेव्हा पडवीत हापूस पिकायला आढ्या घातलेल्या होत्या आणि मला फोडसुद्धा खायची परवानगी नव्हती. पूर्ण हंगाम मी वासावर काढला. आंबा खाणाऱ्या माणसांचाही मला राग आला, हे कबूल करतो.

बैठक

डायलिसिस सुटलं, पण मूत्रपिंडं आधीसारखी नाहीत. खांबावर चढणं संपलं, आता खात्यात तक्रारींचे फोन घेतो. काठी आहे. हे सगळं मी सोसायला तयार आहे. एक गोष्ट सोडून. मला गावाकडून एवढंच हवं होतं की पुढच्या शिमग्याला कुणी सापडला, तर होळी खाली ठेवायची. तेवढ्यासाठी मी देवळातल्या बैठकीला काठी टेकत गेलो.

गावकर म्हणाले, "दत्ता, तुजा दुःख आमाला कळतंय. पण रीत ती रीत. टेकली तर गावाचं काय व्हईल?"

मी म्हटलं, "काय होईल ते सांगा. एक माणूस सांगा ज्याने बघितलंय."

"वाडवडलांनी सांगलेला हाय."

"वाडवडलांना रक्तपेढी माहीत नव्हती. तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्या दिवशी दारातून परत आलात, तोंडाला वास येत होता म्हणून."

बैठक उठली. काही ठरलं नाही. जाताना मी एवढंच जाहीर केलं की माझ्याच्याने खांदा होणार नाही, पहिला खांदा विलास लावेल. लोकांना वाटलं, बघा, शेवटी मान सुटलाच. बाहेर विलास माझ्यासाठी थांबला होता. मी त्याला म्हटलं, "तुला मान हवा होता ना? घे. फक्त व्हाळाच्या पायऱ्या चढून आल्यावर मी एक सांगेन, ते ऐकायचंस." त्याने विचारलं, "काय?" मी म्हटलं, तिथे सांगेन.

यंदाचा शिमगा

यंदा मी गडग्यापाशी खुर्ची टाकून बसलो होतो. शुभांगी मागे उभी होती. खाली रस्त्यावर मी एक जीप सांगून ठेवली होती, तिचा ड्रायव्हर कोरडा असेल याची खात्री करून.

फाका ऐकू आला, ढोल आला, आणि पायऱ्यांवरून बुंधा वर चढला. पुढे विलास. घामाने निथळलेला, तोंड लाल. मी उठून काठीसकट वाटेत उभा राहिलो. नाच थांबला. मागून शिव्या आल्या.

मी म्हटलं, "विलास, ठेव खाली."

गावकर मागून ओरडत आले. "खबरदार कुणी टेकवलीत तर!" साठ माणसं होळी खांद्यावर घेऊन उभी, आणि सगळ्यांचे डोळे बुंध्याखालच्या विलासवर. तो माझ्याकडे बघत होता, मग त्याने माझ्या काठीकडे बघितलं, मग गडग्याकडे. तीन पिढ्यांना हवा असलेला मान त्याच्या खांद्यावर येऊन अर्धा तास झाला होता.

"दत्ता, मेल्या," तो म्हणाला, आणि गुडघे वाकवले. बुंधा खाली जायला लागल्यावर मागच्यांना दुसरा इलाज नव्हता. एकेक खांदा वाकला. होळी जमिनीवर आली.

ढोल बंद पडला. एका म्हाताऱ्याने कानाला हात लावले. मी घड्याळ काढलं. गडग्यापासून खाली जीपपर्यंत आडव्या माणसाला उचलून न्यायला दहा मिनिटं लागतात, ते मी आधी मोजलं होतं. म्हणून दहा मिनिटं मी होळी खाली ठेवायला लावली. सगळे उभे राहिले, गावकरही. विलास बुंध्यावर बसून घाम पुसत होता.

दहा मिनिटं झाल्यावर मी म्हटलं, "उचला." त्यांनी उचलली, सहाणेवर नेली आणि उभी केली.

काही झालं नाही. गेल्या वर्षीही काही झालं नसतं.